इतिवृत्ताची वही

इंग्लंडातील खेड्यांमधल्या बायकांच्या क्लबाचे नाव निघाले, की तिकडचे लोक हटकून मुरांब्याची थट्टा करतात. ‘विमेन्स इन्स्टिट्यूट’ हे त्या संस्थेचे नाव. महिन्यातून एकदा गावच्या सभागृहात जमायचे, ‘जेरुसलेम’ हे गीत म्हणायचे, चहा घ्यायचा, कोणाचा जॅम सरस याचा निकाल लावायचा आणि घरी जायचे, असे या बायकांचे चित्र लोकांच्या मनात ठसले आहे. ते अगदीच खोटे नाही. मात्र चहाच्या आधी त्या टेबलावर एक वही उघडली जात असे, आणि चिटणीसबाई मागील सभेचे इतिवृत्त वाचून दाखवीत. ते बरोबर असल्याची खात्री सभेने दिली, म्हणजे अध्यक्षा त्यावर सही करीत. या वहीकडे थट्टा करणाऱ्यांचे लक्ष कधी गेले नाही. या संस्थेचा खरा इतिहास मात्र तिच्यातच आहे.

संस्थेचा जन्म इंग्लंडातला नव्हे, कॅनडातला. ओंटारिओ प्रांतातल्या ॲडलेड हूडलेस या बाईंचे तान्हे मूल 1889 साली दगावले. दूषित दुधामुळे ते गेले, असे सांगतात. दूध कसे राखावे, मूल कसे जपावे, हे आईला कोणीच शिकवीत नाही, याची बाईंना रुखरुख लागली. पिकांवर आणि गुरांवर व्याख्याने ऐकायला शेतकऱ्यांची मंडळे होती. शेतकऱ्यांच्या बायकांना काहीच नव्हते. 19 फेब्रुवारी 1897 रोजी स्टोनी क्रीक या गावी सभा भरली. 101 बायका आल्या, आणि पुरुष एकच. तो म्हणजे ही सभा घडवून आणणारा अर्लंड ली हा शेतकरी. त्या सभेतून पहिले मंडळ निघाले.

ही कल्पना समुद्र ओलांडून ब्रिटनला नेली मॅज वॉट या कॅनडातूनच आलेल्या विधवा बाईंनी. पहिली दोन वर्षे त्यांचे कोणी ऐकले नाही. पुढे 1914 साली महायुद्ध पेटले, अन्नधान्याची चणचण भासू लागली, तेव्हा कुठे खेड्यातल्या बायकांची आठवण सरकारदरबारी झाली. (गरज पडल्यावाचून बायकांची आठवण न होणे ही रीत आपल्याचकडची आहे, असे मानण्याचे कारण नाही.) सप्टेंबर 1915 मध्ये वेल्समधील ॲंगलसी बेटावर लानव्हाइरपूल येथे ब्रिटनमधले पहिले मंडळ स्थापन झाले. हे तेच गाव, ज्याचे संपूर्ण नाव 58 अक्षरांचे असून प्रवासी ज्याच्या स्टेशनावरच्या पाटीपुढे उभे राहून छायाचित्रे काढून घेतात.

आता मंडळाचे एक वर्ष कसे जाई ते पाहू. वर्षारंभी प्रत्येक सभासद बाईच्या हाती एक छापील कार्ड पडे. वर्गणी आरंभीच्या काळी वर्षाला दोन शिलिंग होती. कार्डावर बारा महिन्यांच्या बारा सभा नोंदलेल्या असत. कितीएक खेड्यांत तारीख पौर्णिमेच्या आगेमागे धरीत, कारण रस्त्यावर दिवे नव्हते आणि बायकांना दोन-दोन मैल पायी परतायचे असे. हिवाळ्यात प्रथमोपचार, जुन्या कपड्यांची दुरुस्ती, कोंबड्यांची निगा असले विषय, वसंतात बागकाम, उन्हाळ्यात मोटारीतून एक सहल, आणि कोणाच्या तरी बागेत चहा, शरद ऋतूत फळे-भाज्यांचे प्रदर्शन, नाताळच्या सुमारास नाटुकले आणि मेजवानी. दर महिन्याला एक लहानशी स्पर्धाही असे. चहाची पाळी ठरलेली, त्यामुळे जमीनदारीणबाईंनाही कधी ना कधी कपबश्या मांडाव्या लागत.

पण कार्डावरची खरी महत्त्वाची सभा म्हणजे वार्षिक सभा. त्या दिवशी हिशेब वाचला जाई आणि नवे कार्यकारी मंडळ निवडले जाई, तेही गुप्त मतदानाने. आज यात कोणाला नवल वाटणार नाही. पण तो काळ डोळ्यांपुढे आणावा. गावातले घर जमीनदाराचे, नवऱ्याची नोकरी जमीनदाराची, चर्चमधली पुढची बाके जमीनदाराची. असल्या गावात मोलकरीण एका चिठ्ठीवर नावे लिहून ती पेटीत टाकते, आणि तिने मालकिणीचे नाव लिहिले की गाळले, हे मालकिणीला कळत नाही! ब्रिटनमधल्या स्त्रियांना पार्लमेंटसाठी मत मिळाले ते 1918 साली. तेही तीस वर्षांवरील आणि मालमत्तेची अट पुरी करणाऱ्यांनाच. पुरुषांच्या बरोबरीने मत मिळायला 1928 साल उजाडले. म्हणजे कितीतरी बायकांनी आयुष्यातली पहिली मतपत्रिका हाती धरली ती या चहाच्या सभेत.

या पद्धतीचा आग्रह धरला तो लेडी डेन्मन यांनी. ऑस्ट्रेलियाच्या गव्हर्नर-जनरलची ही पत्नी. 1913 साली त्या देशाच्या नव्या राजधानीचे कॅनबेरा हे नाव तिनेच जाहीर केले. 1917 साली मंडळांचा राष्ट्रीय संघ झाला तेव्हापासून 1946 पर्यंत ती त्याची अध्यक्षा होती. मतदान पुष्कळदा नावापुरतेच राही आणि अध्यक्षपद फिरून मोठ्या घराण्यातल्या बाईकडेच जाई, हेही कबूल केले पाहिजे. सवयी एका पेटीने मोडत नाहीत. पण पेटी तेथे होती.

मंडळात पक्षाचे राजकारण नको, धर्मपंथाचा वाद नको, हा नियम प्रथमपासून आहे. 2000 साली पंतप्रधान टोनी ब्लेअर वार्षिक अधिवेशनात बोलायला आले आणि आपल्या सरकारची कामगिरी सांगू लागले, तेव्हा जमलेल्या हजारो बायकांतल्या कित्येकींनी संथ टाळ्या वाजवून त्यांना हा नियम समजावून दिला. याचा अर्थ सार्वजनिक प्रश्न वर्ज्य होते असा नव्हे. एखाद्या खेड्यातल्या मंडळाने ठराव मांडावा, तो राष्ट्रीय अधिवेशनात यावा, तेथे मंजूर व्हावा, आणि मग सरकारच्या पाठीमागे लागावे, अशी रीत होती. 1918 मध्ये खेड्यांत राहण्याजोगी घरे हवीत म्हणून ठराव झाला. 1943 मध्ये समान कामाला समान वेतनाचा. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीअखेरीस खेडोपाडीच्या पाणीपुरवठ्याची आणि सांडपाण्याची पाहणी या बायकांनीच केली. विहिरीवरून बादल्या वाहणाऱ्या बाईइतकी ती पाहणी दुसऱ्या कोणाला जमणार?

मुरांबाही याच युद्धातला. 1940 पासून 1945 पर्यंत 5300 टनांहून अधिक फळे या मंडळांनी टिकवून ठेवली. साखर सरकारने दिली, डबे बंद करण्याची हातयंत्रे अमेरिकेतून आली, आणि उपाशी राष्ट्राने त्या जॅमसाठी बायकांचे आभार मानले. आभारांत मग ठराव बुडाले.

आपल्या देशाशीही या मंडळांचा संबंध आला. सरोजनलिनी दत्त (1887-1925) या बंगालमधल्या बाईंनी 1913 साली पाबना येथे महिला समिती काढली, म्हणजे लानव्हाइरपूलच्या दोन वर्षे आधी! नवरा गुरुसदय दत्त सनदी नोकरीत. जेथे बदली होई तेथे बाई समिती काढीत. पुढे इंग्लंडला गेल्या असता त्यांनी तिकडच्या मंडळांचे काम बारकाईने पाहिले. त्यांच्या मृत्यूनंतर त्याच वर्षी कलकत्त्याला त्यांच्या नावाने संस्था स्थापन झाली आणि बंगालच्या खेड्यांत समित्या पसरल्या. गुरुसदयांनी लिहिलेल्या चरित्राच्या इंग्रजी आवृत्तीला रवींद्रनाथांची प्रस्तावना आहे. आपल्याकडे हळदीकुंकवाला बायका पूर्वापार जमत आल्या. पडद्यातल्या बायकांना तसे जमवून, त्याच बैठकीत सुईकाम आणि बाळंतपणाची स्वच्छता शिकवायची, ही सरोजनलिनींची दृष्टी होती.

शेवटी पुन्हा वेल्सकडे येतो. ब्रिटनमधले पहिले मंडळ ज्या देशात निघाले, त्याच देशात बालाजवळच्या पार्क नावाच्या खेड्यात 1966-67 च्या सुमारास तंटा उभा राहिला. तेथल्या बायका घरात, शेतात, चर्चमध्ये वेल्श बोलत. मंडळाचे व्यवहारही वेल्शमधून व्हावेत, असे त्यांचे म्हणणे. संघाची अधिकृत भाषा इंग्रजी, असे वरून उत्तर आले. बायकांनी वाट पाहिली नाही. 1967 साली त्या बाहेर पडल्या आणि ‘मेरखेद अ वाउर’, म्हणजे ‘पहाटेच्या लेकी’, या नावाची वेगळी संस्था त्यांनी काढली. वर्षाचा कार्यक्रम ठरवणे, व्याख्याने, चहा, स्पर्धा, वर्गणी, निवडणूक हे सारे जुन्याच मंडळात शिकलेले होते, ते त्यांनी बरोबर नेले. इतिवृत्ताची वही तेवढी नवी आणली, आणि ती पहिल्या पानापासून वेल्शमध्ये लिहिली.