नाव न घातलेला कागद

रेडिओवर चित्र दाखवता येत नाही. आम्ही सांगतो, तुम्ही डोळे मिटून बघा.

एक पांढरा कागद. त्यावर पेन्सिलीच्या आणि काळ्या शाईच्या बारीक रेघा, मागावर ताणलेल्या सुतासारख्या शेजारी शेजारी. मध्येच काही तिरक्या होतात, पुसट होत होत दिसेनाशा होतात. ना फूल, ना माणूस, ना देव. ‘मग यात चित्र कुठंय?’ असं आमच्यातल्याही एकीने विचारलंच!

अशी चित्रं काढणाऱ्या बाईंचं नाव नसरीन मोहमदी. जन्म १९३७, कराचीचा, वाढल्या मुंबईत. लंडन-पॅरिसला शिकल्या. १९६१ साली मुंबईत त्यांचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन भरलं. १९७२ पासून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्या शिकवत. जवळजवळ रिकामी खोली, जमिनीवर बसून काम करायचं ठेंगणं टेबल, नकाशा काढणाऱ्यांची पट्टी आणि पेनं, एवढाच संसार. मागावरच्या धाग्यांचे फोटोही त्यांनी काढले आहेत.

पुढे आजार जडला. हातापायांवरचा ताबा सुटत गेला. रेघ मात्र सरळच राहिली. अलिबागजवळच्या किहीमला, समुद्राकाठी, १९९० मध्ये त्या गेल्या. वय अवघं ५३.

बहुतेक चित्रांवर त्यांनी ना नाव घातलं, ना तारीख. म्हणून आज पाटीवर ‘शीर्षक नाही, सुमारे १९७५’ असं काहीतरी लिहावं लागतं. आम्हाला आपल्या गोधड्या आठवल्या. कुठली आजीची, कुठली आत्याची, हे सांगणारं माणूस गेलं की संपलं.

नसरीनबाईंचे कागद त्यांच्या माघारी फार फिरले. २००७ ला जर्मनीतल्या कासेलचं मोठं प्रदर्शन, २०१३ ला दिल्ली, मग लिव्हरपूल, माद्रिद. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने ‘मेट ब्रॉयर’ ही नवी शाखा उघडली, तेव्हा सुरुवातीच्याच प्रदर्शनांत एक यांचं होतं. १३० हून जास्त कामं, सोबत त्यांच्या डायऱ्या. हयातीत एवढा मान त्यांच्या वाट्याला आला नव्हता.

पण कागद तो कागदच. उजेडाने पिवळा पडतो, शाई उडते. म्हणून दिवे मंद ठेवतात, आणि काही महिन्यांनी चित्र भिंतीवरून उतरवून पुन्हा अंधाऱ्या खणात सपाट ठेवून देतात.