पोट भरतं, पण नियत का भरत नाही?

‘पेट तो भर गया, नियत नहीं भरी.’ आपल्या घरांतलं हे नेहमीचं वाक्य. दावतीत ते हसत म्हटलं जातं. पण ज्याच्या बाबतीत हे रोजच घडतं त्याला खादाड, हावरट अशी नावं पडतात. एकदा नाव पडलं की तो माणूस लपून खायला लागतो आणि खाणं आणखी वाढतं. म्हणून दोष देण्याआधी शरीरात आणि मनात नेमकं काय चालतं ते समजून घेतलं पाहिजे.

पोट रिकामं झालं की जठरातून घ्रेलिन नावाचं संप्रेरक रक्तात येतं आणि मेंदूला भूक कळवतं. जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये ते शोधलं. त्याच्या उलट काम लेप्टिनचं. हे चरबीच्या पेशींतून येतं आणि साठा पुरेसा आहे असं सांगतं. वजन खूप वाढलेल्या माणसाच्या रक्तात लेप्टिन भरपूर असतं, पण मेंदू त्याला दाद देत नाही. अशा माणसाला ‘तोंड आवर’ म्हणणं सोपं आहे, त्याच्यासाठी ते सोपं नसतं.

जेवण झाल्याचा निरोप मेंदूत पक्का व्हायलाही साधारण १५ ते २० मिनिटं लागतात. रमजानमध्ये आपली गडबड इथेच होते. मगरिबची अजान झाली की दहा मिनिटांत भजी, समोसे, चना आणि दोन ग्लास शरबत पोटात जातं. पोट भरल्याचं कळेपर्यंत गरजेपेक्षा जास्त खाऊन झालेलं असतं, मग तरावीहला उभं राहणं जड जातं. पैगंबर मुहम्मद (स.) खजूर किंवा पाण्याने रोजा सोडत आणि मग नमाज पढत. तसं केलं आणि जेवण नमाजनंतर घेतलं तर मधला वेळ आपोआप मिळतो. पोटाचा एक हिस्सा अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला, ही तिर्मिजीतली हदीसही सर्वांना पाठ आहे. सुन्नतला विज्ञानाच्या सर्टिफिकेटची गरज नाही, पण इथे दोन्ही एकच वाट दाखवतात.

झोपेचंही तसंच. शिकागोतल्या एका प्रयोगात, ज्याचे निष्कर्ष २००४ मध्ये आले, १२ निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. दोन रात्री दहा-दहा तास मिळाले तेव्हाच्या तुलनेत त्यांचं घ्रेलिन २८ टक्के जास्त आणि लेप्टिन १८ टक्के कमी भरलं. परीक्षेच्या दिवसांत रात्रभर जागणारी मुलं वेफर्सच्या पुड्या का संपवतात, याचं उत्तर यात बऱ्यापैकी मिळतं.

आता उपाशी राहण्याबद्दल. लग्न ठरलं की मुलीचं जेवण तोडायचं, ही पद्धत मला तरी घातक वाटते. अमेरिकेत मिनेसोटा येथे १९४४-४५ मध्ये ३६ तरुणांना सहा महिने जवळपास निम्म्या आहारावर ठेवलं होतं. त्यानंतर मोकळीक मिळाली तेव्हा कित्येकांना पोट गच्च भरूनही भूक शमल्यासारखं वाटेना. शरीर उपासमारीची आठवण ठेवतं. रोज्याची गोष्ट वेगळी, कारण तो मगरिबला सुटतो.

मनाची बाजू घरात लवकर दिसत नाही. काळजी, अपमान, एकटेपणा, घरातला इंतिकाल, नोकरी जाणं, यांत ताणाचं संप्रेरक कॉर्टिसोल वाढतं आणि गोड-तळलेलं खावंसं वाटतं. ते खाल्ल्यावर घटकाभर बरंही वाटतं. लहानपणापासून ‘रडू नको, चॉकलेट देते’ ऐकलेल्या मुलाला दुःखावर दुसरा इलाज शिकवलेलाच नसतो. आणि घरातल्या बाईचं तर कुणी मोजतच नाही. सगळ्यांना वाढून, रिज्क वाया जाऊ नये म्हणून उरलेलं उभ्यानेच ती संपवते. तिची नियत नेक आहे, पण रिज्कची कदर पातेल्यात कमी शिजवण्यापासून करता येते, तिच्या पोटात भरून नव्हे. पाहुण्याला ‘मेरी कसम, और लो’ म्हणणंही आता थोडं आवरायला हवं.

पोटाची भूक हळूहळू वाढते आणि तिला वरण-भातही चालतो. मनाची भूक अचानक येते, तिला बिर्याणी किंवा मिठाईच हवी असते. फरक ओळखायला आठवडाभर एका वहीत लिहा: किती वाजता खाल्लं, काय खाल्लं आणि त्याच्या आधी मनात काय होतं. रोज भांडणानंतर किंवा दुपारच्या एकांतात हात डब्याकडे जातोय असं दिसलं, तर डबा लपवून फायदा नाही. त्या वेळेला दुसरी सोय लागते: वुजू करून दोन रकात, बहिणीला फोन, गल्लीतून एक चक्कर.

काही वेळा मात्र डॉक्टरच हवा. इन्शुलिन घेणाऱ्याची साखर घसरली तर एकाएकी कडाडून भूक लागते. ते दुखणं आहे, त्याला लगेच साखर द्यावी. थायरॉईड वाढल्यानेही भूक वाढते, स्टिरॉइडच्या गोळ्यांनीही. पण त्या स्वतःहून बंद करू नयेत. आणि आठवड्यातून एकदा तरी ताबा सुटून भरमसाट खाणं, नंतर लाज वाटणं, असं तीन महिने चाललं असेल तर तो मानसोपचारात मान्य झालेला आजार आहे. २०१३ पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या नियमावलीत त्याची स्वतंत्र नोंद आहे. त्यासाठी सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर मोफत फोन करता येतो, मराठीतही बोलता येतं आणि नाव सांगावंच लागतं असं नाही.