बाहेरून ओरडणारे

या पानावर आपण बहुतेक वेळा जुने वाडे, गणपतीतले कार्यक्रम, रंगपंचमीची गेर, आजीच्या हातचं जेवण असं काही लिहितो. आज मी बास्केटबॉलबद्दल लिहितोय. इंदूरकरांना त्याचं नवल वाटू नये. रेसकोर्स रोडवर बास्केटबॉल कॉम्प्लेक्स आहे आणि आपल्या घरांतली कितीतरी मुलं हा खेळ खेळत मोठी झाली. माझा मुलगाही खेळायचा. आता बारा वर्षांचा नातू खेळतो.

मागच्या थंडीत त्याला सकाळी प्रॅक्टिसला सोडायची ड्युटी माझ्याकडे आली. पहिल्याच दिवशी मी कडेला उभा राहून सवयीने ओरडलो, "पास दे! डावीकडे बघ!" तिथली कोच पंचविशीतली मुलगी. ती माझ्याजवळ आली आणि अगदी अदबीने म्हणाली, "दादाजी, उसको खुद देखने दीजिए ना." मी गप्प बसलो. खरं सांगायचं तर राग आला होता. पस्तीस वर्षं बँकेत काढली, शाखा सांभाळल्या, आणि आता ही पोर मला गप्प बसवते!

पण घरी येताना मला 1997 साल आठवलं. मुलगा दहावीत होता, शाळेच्या टीममध्ये होता. मी त्याची एकही मॅच चुकवली नाही. प्रत्येक मॅचला रेषेबाहेर उभा राहून "मार!", "थांब!", "मागे दे!" हे चालूच. एका मॅचमध्ये शेवटच्या मिनिटात चेंडू त्याच्या हातात आला. समोर त्याचा मित्र अगदी मोकळा होता. माझ्या मुलाने आधी माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात चेंडू हिसकावला गेला. घरी येताना स्कूटरवर मी त्यालाच रागावलो. अकरावीत त्याने खेळणं सोडलं. कारण सांगितलं, अभ्यास.

या थंडीत रिकामा वेळ होता, म्हणून या खेळाचा इतिहास वाचायला बसलो. वाचता वाचता लक्षात आलं की बाहेरच्याने किती बोलावं, हा प्रश्न या खेळाला जन्मापासून चिकटलेला आहे.

1891 चा डिसेंबर. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड गावी वाय.एम.सी.ए.ची शिक्षक घडवणारी संस्था होती. तिथे जेम्स नेस्मिथ नावाचे मूळचे कॅनडाचे शिक्षक होते. बाहेर कडाक्याची थंडी आणि आत कवायतीला कंटाळलेले 18 विद्यार्थी. त्यांच्यासाठी नेस्मिथ यांनी पीचच्या दोन टोपल्या 10 फुटांवर ठोकल्या, 13 नियम लिहिले आणि 9-9 जणांचे दोन संघ केले. त्या नियमांतला एक महत्त्वाचा: चेंडू घेऊन पळायचं नाही, जिथे पकडला तिथूनच टाकायचा. म्हणजे चेंडू हातात आला की पाय थांबले आणि डोकं चालू झालं. कोणाला देऊ? की मीच टाकू? ड्रिबल वगैरे नंतर आलं. खेळाचं मूळ हा निर्णयच आहे.

नेस्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठात गेले आणि तिथल्या संघाचे पहिले कोच झाले. गंमत बघा, त्यांच्या काळात संघ 55 सामने जिंकला आणि 60 हरला. खेळ शोधणाऱ्याचंच खातं तोट्यात! पण त्यांना त्याचं फारसं वाईट वाटलं नसावं. फॉग अ‍ॅलन नावाचा त्यांचा विद्यार्थी कोचची नोकरी करायला निघाला, तेव्हा हा खेळ शिकवायचा नसतो, खेळायचा असतो, असं त्यांनी त्याला बजावलं, असं सांगतात. अ‍ॅलनने ऐकलं नाही आणि तो अमेरिकेतला नावाजलेला कोच झाला.

त्या काळचे नियमही नेस्मिथ यांच्याच बाजूचे होते. 1910-11 पासून अमेरिकेतल्या कॉलेजच्या नियमांत होतं की सामना चालू असताना संघाच्या कोणीही बाहेरून सूचना द्यायच्या नाहीत. पहिल्यांदा ताकीद, नंतर समोरच्या संघाला फ्री थ्रो. टाइमआउटमध्ये कोचने खेळाडूंशी बोलायला परवानगी मिळाली ती थेट 1948-49 च्या मोसमात. तोपर्यंत काय करायचं ते मैदानावरच्या पोरांनीच ठरवायचं. मी त्या काळात तिकडे असतो तर माझ्यापायी मुलाच्या संघाला किती दंड बसला असता, याचा हिशेब न केलेलाच बरा.

आपल्याकडे हा खेळ रुजला त्यातही स्प्रिंगफील्डचा हात आहे. तिथे शिकलेले हॅरी क्रो बक मद्रासला आले आणि 1920 मध्ये त्यांनी वाय.एम.सी.ए.चं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज सुरू केलं. तिथून तयार झालेले शिक्षक देशभर गेले. आमच्या शाळेचे पी.टी.चे सर कुठे शिकले होते ते मी कधी विचारलं नाही, पण त्यांची पद्धत कवायतीची होती. रांगेत उभं राहायचं, एकामागून एक चेंडू टाकायचा, पुन्हा रांगेच्या शेवटी. समोर अडवणारा कोणी नाही. रांगेत आम्ही सगळे हुशार. मॅचमध्ये समोर माणूस आला की गोंधळ. आम्हाला चेंडू टाकायला शिकवलं होतं. कधी टाकायचा ते शिकवलंच नव्हतं.

बोलायची मुभा मिळाल्यावर काही कोच फार बोलू लागले. काहींनी मात्र वेगळी वाट धरली. अ‍ॅलनच्या हाताखाली खेळलेला एक मुलगा होता, डीन स्मिथ. गणित शिकलेला. तो 1961 मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा मुख्य कोच झाला आणि 1997 पर्यंत तिथेच राहिला. एकूण 879 विजय. त्याची एक गोष्ट मला कॉमर्सवाल्याला फारच आवडली. संघाने एकूण किती गुण केले, याला तो फार महत्त्व देत नसे. चेंडू किती वेळा ताब्यात आला आणि प्रत्येक वेळी त्यातून सरासरी किती गुण निघाले, हे तो मोजायचा. बँकेतल्या लोकांना लगेच कळेल. नुसत्या एकूण ठेवी बघून शाखा चांगली ठरत नाही, माणशी व्यवसाय किती ते बघावं लागतं.

प्रॅक्टिसमध्ये तो अजून एक करायचा. बास्केट झाली की गुण, असं नाही. फेकायची वेळ आणि जागा बरोबर होती का, यावर गुण. चांगली संधी घेतली आणि चेंडू रिंगला लागून बाहेर गेला, तरी गुण मिळणार. अडचणीतून वेडावाकडा फेकला आणि नशिबाने आत गेला, तरी शून्य. म्हणजे परिणामाला नाही, निर्णयाला मार्क. घरात आपण नेमकं उलट करतो ना? नव्वद टक्के आले की शाबासकी, मग अभ्यास कसा केला ते कोणी विचारत नाही.

दुसरे मोठे नाव जॉन वुडन. लॉस एंजेलिसच्या यू.सी.एल.ए. विद्यापीठात 1948 ला आले. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळायला 1964 उजाडलं. मग 1975 पर्यंत 12 वर्षांत 10 विजेतेपदं. त्यांच्या शेवटच्या मोसमात रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प हे दोन मानसशास्त्रज्ञ 15 प्रॅक्टिसना जाऊन बसले आणि वुडन काय काय बोलतात ते टिपून ठेवलं. एकूण 2,326 नोंदी. त्यांत कौतुक जेमतेम 6.9 टक्के, नाराजी 6.6 टक्के. बाकी बहुतेक सगळी कामाची माहिती: हात असा ठेव, इथून बघ, असं नाही, असं. छोटी छोटी वाक्यं. भाषण नाही, आरडाओरडा नाही. रोज सकाळी सहायकांबरोबर बसून ते प्रॅक्टिसचा मिनिटामिनिटाचा तक्ता करत आणि तो छोट्या कार्डावर लिहून नेत. सामन्यात मात्र हातात कागदाची गुंडाळी धरून बाकावर बसत. आपलं काम प्रॅक्टिसमध्येच संपलं, आता पोरांची परीक्षा, असं त्यांचं मत.

अभ्यासकांनीही पुढे या गोष्टीत लक्ष घातलं. शी आणि मॉर्गन या दोघांनी 1979 मध्ये एक प्रयोग केला. काही लोकांना एकच हालचाल सलग करायला लावली, मग दुसरी, मग तिसरी. बाकीच्यांना तिन्ही हालचाली मिसळून दिल्या. सरावात मिसळवाले मागे पडले, पण नंतर परीक्षा घेतली तेव्हा तेच पुढे निघाले. 1982 मध्ये इंग्लंडच्या लफबरो विद्यापीठातल्या बंकर आणि थॉर्प यांनी मांडलं की मुलांना आधी छोटा खेळ द्या, त्यातून कधी आणि का हे कळू द्या, मग तंत्र शिकवा. आज चांगले कोच याच वाटेने जातात. पाच-पाच ऐवजी तीन-तीन जण, कधी चार विरुद्ध तीन, कधी ड्रिबल करायची बंदी. आणि चूक झाली की उत्तर सांगत नाहीत. विचारतात, "तुला काय दिसलं?"

याचं फळ काय, ते 13 जून 1997 ला दिसलं. शिकागो आणि युटा, अंतिम फेरीचा सहावा सामना, 86-86 बरोबरी, शेवटचे काही सेकंद. चेंडू मायकेल जॉर्डनच्या हातात. हा डीन स्मिथच्याच कॉलेजचा. सगळं जग समजत होतं की तो स्वतःच फेकणार. त्याच्या अंगावर दुसरा बचावपटू धावून आला, म्हणजे कोणीतरी मोकळा झाला. जॉर्डनने चेंडू स्टीव्ह कर ला दिला, करने टाकला आणि शिकागो 90-86 ने जिंकलं. त्या क्षणी जॉर्डनने कोणाकडेही वळून बघितलं नाही. त्याच वर्षी माझा मुलगा माझ्याकडे वळून बघत होता.

तो स्टीव्ह कर पुढे गोल्डन स्टेट संघाचा कोच झाला. 12 फेब्रुवारी 2018 ला फिनिक्सविरुद्धच्या सामन्यात त्याने कोचिंग खेळाडूंच्याच हाती दिलं. टाइमआउटमध्ये फळा खेळाडूंकडे, बोलणारे खेळाडूच. संघ 129-83 ने जिंकला. नेस्मिथ, अ‍ॅलन, स्मिथ, जॉर्डन, कर. आपल्या गाण्यातल्या घराण्यासारखीच ही परंपरा. गुरू कडेला बसलेला आणि गाणं शिष्याचं.

आता मी रोज सकाळी गप्प बसतो. सोपं नाही. दोनदा तोंडावर हात ठेवावा लागला. नातू चुकतो, चेंडू घालवतो, मग मान वर करून स्वतः इकडे तिकडे बघतो. ती कोच त्याला जवळ बोलावून तोच प्रश्न विचारते आणि हा पोरगा हातवारे करून पाच मिनिटं सांगत बसतो.

परवा रविवारी मुलगाही आला होता. आम्ही दोघं पायरीवर बसलो होतो. अठ्ठावीस वर्षांत हा विषय निघाला नव्हता. मी विचारलं, "तू खेळणं का सोडलंस रे? खरं सांग." तो बराच वेळ समोर बघत राहिला. मग म्हणाला, "बाबा, एकदा तुम्ही मॅचला आला नव्हता. बँकेचं इन्स्पेक्शन होतं. त्या दिवशी चेंडू हातात आला आणि मला काही सुचेचना. तेव्हाच ठरवलं."

मी काय बोलणार? पोहे खाऊन आम्ही घरी आलो.

तुमच्यापैकी कोणी इंदूरला, बडोद्याला, हैदराबादला किंवा आणखी कुठे हा खेळ खेळलं असेल, कोणाला गप्प बसून शिकवणारे सर भेटले असतील, तर खाली जरूर लिहा. ओरडणाऱ्या वडिलांनीही लिहावं. मी एकटाच नसेन.