कालवांनी शिकवलेला धडा

जीव, समष्टी, समुदाय, परिसंस्था ही उतरंड आपण फळ्यावर शिकवतो. तिच्यातला ‘समुदाय’ मात्र समुद्रकिनाऱ्यावर सापडला, तोही एका व्यवहारी प्रश्नातून.

जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर कालवांची शेती वाढवता येईल का, हे कील येथील प्राणिशास्त्रज्ञ कार्ल मोबियस तपासत होते. एक मादी लाखो अंडी घालते; मग कालवे अमाप का वाढत नाहीत? नुसत्या कालवाकडे पाहून याचे उत्तर मिळत नाही, हे त्यांनी ओळखले. कालवांच्या थरावर शिंपले, खेकडे, तारामासे असे अनेक शेजारी असतात. जागा आणि अन्न सर्वांत वाटले जाते. कालवांचा बेसुमार उपसा झाला, की मोकळी जागा दुसरेच शिंपले बळकावतात. या सहनिवासाला मोबियस यांनी १८७७ मध्ये ‘बायोसिनोसिस’, म्हणजे जीवसमुदाय, हे नाव दिले. १९३५ मध्ये आर्थर टॅन्सली यांनी सजीवांबरोबर माती, पाणी, हवामानही धरून ‘परिसंस्था’ ही संज्ञा मांडली. मोबियस यांनी अभ्यासलेल्या किनाऱ्यावरून मूळची कालवे मात्र विसाव्या शतकात नाहीशी झाली.

आपल्याला ओहोटीचा खडक किंवा गावचे तळे पुरे. मुलांना आधी एक गोगलगाय पाहू द्या, मग तिची जातभाई मंडळी, मग शेजारी, शेवटी ऊन-पाणी. नंतर विचारा: साऱ्या गोगलगायी नेल्या, तर त्यांची जागा कोण घेईल? संज्ञा त्यानंतरच सांगा.