पहिलारूचं दूध

मी शाळेत असताना आमच्या घरची एक पहिलारू गाय बाजारात गेली. शेजारच्या गोठ्यातल्या चौथ्या वेताच्या गाईपेक्षा ती बरंच कमी दूध द्यायची, त्यात व्याली ऐन उन्हाळ्यात. 'हिच्यात दम नाही' असं ठरलं. आजी म्हणत होती, "तिसऱ्या वेतापर्यंत थांबा रे." कुणी थांबलं नाही.

पुढे इंजिनिअर झालो, डेटाच्या कामाला लागलो. एका रात्री भलतंच काही शोधताना कळलं, की आजीचं ते वाक्य आकड्यांत नीट बसवायला अमेरिकेत कित्येक दशकं गेली होती.

गाईगणिक दूध मोजणारी शेतकऱ्यांची संघटना आधी डेन्मार्कमध्ये निघाली, १८९५ साली. हेल्मर राबिल्ड या डॅनिश माणसाने १९०५ मध्ये ती कल्पना अमेरिकेत, मिशिगन राज्यात नेली. संघाचा माणूस गोठ्यागोठ्यात जाऊन दूध वजन करायचा, फॅट तपासायचा, वहीत लिहायचा.

वह्या भरल्या, पण तुलना कशी करायची? खरी अडचण वळूंची होती. १९३०च्या दशकात वळूची पारख व्हायची ती त्याच्या लेकींचं दूध त्यांच्या आयांच्या दुधाशी ताडून. लेकी पहिलारू, आया भरवयाच्या. दोन वर्षांची गाय पूर्ण वाढलेल्या गाईच्या साधारण पाऊणपट दूध देते. म्हणजे आकडे तसेच घेतले तर जवळपास प्रत्येक वळू नापास! म्हणून ३०५ दिवसांच्या दुधाला वयाप्रमाणे गुणक लावायचा. दोन वर्षांच्या गाईला समजा १.३, की ५,००० किलोचे झाले ६,५००.

पण तो १.३ आणायचा कुठून? इथे मला थेट आमच्या धंद्यातला बग दिसला. वयानुसार सरळ सरासरी काढली, तर म्हाताऱ्या गाईंच्या रांगेत फक्त टिकलेल्या असतात. कमी दुधाच्या कधीच विकल्या गेलेल्या. गुणक फुगतो. बरं, एकाच गाईची दोन वेतं ताडली तर? मग पहिल्या वेतात ज्यांचं नशीबही जोरावर होतं त्याच जास्त राखलेल्या असतात. पुढच्या वेताला नशीब ओसरतं, वाढ आहे त्यापेक्षा कमी दिसते, गुणक आकसतो. आयोवाच्या जे लश यांनी हे दोन्ही घोळ १९५० मध्ये एका सहकाऱ्यासोबत मांडले.

त्यांच्याच विद्यापीठातून डॉक्टरेट करून १९४८ साली कॉर्नेलला गेलेले चार्ल्स हेंडरसन यांनी वेगळी वाट धरली. कळप, वर्ष, वय आणि खुद्द गाय, सगळी समीकरणं एकदम सोडवायची. गाईला मात्र स्थिर आकडा न मानता योगायोगाने हाती आलेली मानायचं. १९५९ मध्ये तिघांबरोबर लिहिलेल्या त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच गाई काढून टाकण्याचा उल्लेख आहे. आज मशीन लर्निंगवाले 'मिक्स्ड मॉडेल' म्हणून जे सर्रास वापरतात, त्याचं बरंचसं गणित या गोठ्यातून आलंय. (आम्हाला कॉलेजात हे कुणी सांगितलं नाही.)

ऋतूचंही तसंच. थंडीच्या तोंडावर व्यालेली गाय उन्हाळ्यात व्यालेलीपेक्षा जास्त देते. १९७४ साली अमेरिकन कृषी खात्याने वय आणि विण्याचा महिना एकत्र धरून गुणक छापले, तेही जातीनुसार, प्रदेशानुसार.

ते तक्ते आमच्या गाईला लागू पडणार नाहीत. तिथली हवा वेगळी, चारा वेगळा. तरी मी मांडून बघायला बसलो आणि अडलो. ती किती लिटर द्यायची, हे घरात प्रत्येक जण वेगळं सांगतो. वही कुणी ठेवलीच नव्हती.