विध्वंसोत्तर कल्पितातील विमान

संस्कृतीच्या विध्वंसानंतरचे जग कल्पिणाऱ्या कृतींमध्ये विमान हे निव्वळ वाहन नसते. उद्ध्वस्त समाजात सत्ता कोठून येणार, याविषयीचे त्या त्या काळाचे गृहीतक त्याच्या रूपाने प्रकट होते. एच. जी. वेल्स यांच्या पटकथेवरील 'थिंग्ज टु कम' (१९३६) आणि जॉर्ज मिलर यांचा 'मॅड मॅक्स २' (१९८१) या दोन चित्रपटांमधील अंतर या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

वेल्स यांच्या कल्पितात १९४० साली सुरू झालेले युद्ध दशकानुदशके चालते. १९७० मध्ये एव्हरीटाउन या भग्न नगरावर एका पुंडाची हुकमत आहे. त्याच्याजवळ जुनी विमाने आहेत, पण इंधन नाही. तेथे जॉन कॅबल आपल्या विमानातून उतरतो. तो वैमानिक व तंत्रज्ञांच्या ज्या संघटनेचा दूत आहे, तिचे केंद्र बसरा येथे आहे. पुढे या संघटनेची अजस्र विमाने गुंगीचा वायू सोडून नगर ताब्यात घेतात. या घटनेला विवेकाचा विजय म्हणण्यापूर्वी बसरा या नावापाशी थांबले पाहिजे. इराकवर ब्रिटिशांनी १९२२ पासून मुख्यतः हवाई दलाच्या बळावर नियंत्रण ठेवले होते आणि १९३० च्या तहानंतरही बसऱ्याजवळील शैबा येथील तळ त्यांच्या हाती राहिला. साम्राज्याचा हा हवाई बंदोबस्तच वेल्स यांच्या विश्वराज्याला नकळत आकार देतो. उद्धार वरून येतो आणि ज्यांचा उद्धार व्हायचा त्यांना प्रथम निद्रिस्त केले जाते.

मिलर यांच्या ऑस्ट्रेलियन वाळवंटातील जायरोकॉप्टर याच्या अगदी उलट टोकाचे आहे. मागे रेटा देणारा एक पंखा, वर वाऱ्याने फिरणारी पाती आणि मध्ये उघड्यावर बसलेला एकटा चालक, एवढाच त्याचा पसारा. ते कोणत्याही संस्थेचे नाही. पण त्याचा उपयोग किती परींनी होतो! त्यावर पाळत ठेवलेल्या सापामुळे ते सापळा ठरते; पुढे तेच टेहळणी करते, जखमी मॅक्सला उचलून वस्तीत आणते, अखेरच्या पाठलागात आगीचे गोळे टाकते आणि शेवटी कोसळते. वस्तीचा म्होरक्या मारला गेल्यावर हा भुरटा वैमानिकच नवा नायक होतो.

म्हणजे येथेही सत्ता उडणाऱ्याच्याच हाती जाते. मात्र त्याचे यंत्र जमिनीवर आल्यानंतर. या दोन विमानांमधील इतिहास या एका फरकात सामावलेला आहे.