रांगेतला भाऊ : जामबागेतल्या घरांचा एक न लिहिलेला इतिहास

जामबाग म्हटलं की हैदराबादच्या मराठी माणसाला १९०७ साली सुरू झालेली विवेकवर्धिनी आठवते. या भागात शिकून अमेरिकेला गेलेल्यांबद्दल आपण कौतुकाने बोलतो. पण त्यांच्या मागे राहिलेल्या भावाबहिणींचं काय झालं, ते कुणी लिहीत नाही. त्याची मुळं अमेरिकेच्या कायद्यांत आहेत.

१९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानातून अमेरिकेत स्थायिक व्हायला जाणं जवळजवळ बंदच केलं होतं. १९४६ साली दार किलकिलं झालं, पण ते वर्षाला फक्त १०० जणांपुरतं. १९६५ च्या कायद्याने वंशावर आधारलेले हे कोटे मोडले आणि नातेवाइकांना प्राधान्य दिलं. आधी एकाने जायचं, मग घरच्यांना बोलवायचं, ही रीत तिथून पडली.

१९९० च्या कायद्यात नागरिकांच्या भावाबहिणींसाठी साऱ्या जगाला मिळून वर्षाला ६५,००० व्हिसा ठरले. शिवाय मर्यादा असलेल्या व्हिसांपैकी एका देशाला ७ टक्क्यांहून जास्त नाहीत. देश कोणता, ते जन्मावरून ठरतं. मग देश भारतासारखा मोठा असो की एखादं चिमुकलं बेट, टक्केवारी तीच. म्हणून आपली रांग लांबली. २०२५ साली पाळी आली ती २००६ मध्ये भरलेल्या अर्जांची, म्हणजे तब्बल १९ वर्षांनी!

आता याचा घरावर परिणाम कसा होतो बघा. नागरिकाच्या आईवडिलांना या संख्येचं बंधन नाही. त्यामुळे आईवडील आधी जातात आणि त्यांना सांभाळणारा भाऊ इथेच राहतो. अर्ज भरताना त्याची मुलगी १० वर्षांची असेल, तर पाळी येते तेव्हा ती २९ ची. २१ वर्षांवरची मुलं आईबापांच्या अर्जातून गळतात. अर्ज तपासायला लागलेला काळ वयातून वजा करायची सोय २००२ पासून आहे, पण त्यानंतर रांगेत काढलेली वर्षं वजा होत नाहीत. म्हणजे जो अर्ज एक ताटातूट मिटवायला भरला, तोच शेवटी दुसरी ताटातूट करतो. कित्येक जण म्हणूनच ऐनवेळी ‘नको आता’ म्हणतात.

बेगमपेठेतल्या पायगा पॅलेसमध्ये २००८ साली अमेरिकेची कचेरी उघडली, पुढे २०२३ मध्ये ती नानकरामगुड्याला गेली. तरी कायम स्थायिक होण्याच्या व्हिसाच्या मुलाखतीला हैदराबादकरांना मुंबईच गाठावी लागत आली आहे.

आपल्या मंडळात जुने फोटो, पत्रं, घरांचे कागद जपले जातात. त्यांतच अर्जाची ती पोचपावतीही ठेवा. तिच्यावरची तारीख म्हणजे रांगेतला नंबर. घर का विकलं नाही, वरचा मजला का बांधला नाही, मुलीचं लग्न का लांबलं, याची उत्तरं पुष्कळदा त्या एका तारखेत सापडतात. घरातली वडीलधारी मंडळी आहेत तोवर त्यांना विचारून, कुणी कुणासाठी कधी अर्ज भरला, एवढं तरी टिपून ठेवा.